पिवळा अंगठा

पुस्तक परत केलं की मगदूम बाई
शिक्का मारण्याआधी पानं फर्रकन सोडतात
आणि चष्म्यावरनं बघत म्हणतात,
"हेही मार्केट यार्डात जाऊन आलं वाटतं."

काय करू. चोवीस वर्षं सांगलीत हळद तोलतोय.
साबण, रॉकेल, लिंबाची फोड, सगळं झालं.
रेषांत बसलेला रंग निघत नाही.
जिथं थांबलो, जिथं पान उलटायला धजलो नाही,
तिथं माझा अंगठा उमटलाय.

शालन म्हणते, तुम्हाला पुस्तकाचं वारं लागतं.
खरंय. सुतारकामाचं एक आणलं होतं,
चित्रंच जास्त.
त्या रविवारी स्वयंपाकघराचं दार उतरवलं मी,
अकरा पावसाळे फुगून अडणारं.
घरातल्या सगळ्यांच्या उजव्या खांद्याला
त्याची सवय झाली होती.
तीन दिवस दाराच्या जागी चादर.
चौथ्या दिवशी शालननं ते एका बोटानं लावलं.
उघडलं. पुन्हा लावलं.
बोलली काही नाही. भाकरी तेवढी करपली.

मग ते वजनमापांचं.
कुठल्या राजाचा हात म्हणजे गज,
आणि आखूड हाताचा राजा गादीवर आला की
कापड विकणाऱ्यांची चंगळ.
रात्री दोनपर्यंत हसत होतो.
सकाळी काट्यासमोर उभा राहिलो, हसू येईना.
आता काटा कसला, लाल आकडे. पण तेही
पोतं टेकलं की क्षणभर थरथरतात,
आणि थरथरतानाच ओरडून मोकळं व्हायचं, ही इथली रीत.
त्या दिवसापासून मी थांबतो.
आकडा निजेपर्यंत.
मुनीम घड्याळ दाखवतो:
"मापाडी, तुमचं वाचणं बंद करा आधी."

हरिपूरला चुलत्यांचं पेव होतं.
ते सांगायचे, पेव उघडलं की लगेच उतरू नये,
कोंडलेली हवा माणूस गिळते.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर काठावर बसून तंबाखू मळायची.
नव्या पुस्तकाला मी तेच करतो.
पहिलं पान सोडतो आत.
दिवा राहिला तर उतरतो.

समुद्रात दिवा राखणाऱ्या एका माणसाचं पुस्तक
दोनदा विझलं. तिसऱ्यांदा उतरलो
आणि आठ दिवस वर आलोच नाही.
तो रोज संध्याकाळी एक ओळ लिहायचा,
वाचणारं कुणी नसताना.
तेव्हापासून जुन्या पावतीबुकाच्या पाठकोऱ्यावर मीही:
पोती दोनशे बारा. वारा पश्चिमेचा.
तेजूचा दात पडला, कौलावर टाकला.

सांगायला लागलो की आवरत नाही मला.
हमाल म्हणतात, "गेला मापाडी समुद्रात,"
आणि चहाचा ग्लास घेऊन सावलीला सरकतात.

यंदा थंडीत तेच पुस्तक पुन्हा काढलं.
पान एकसष्ट.
पिवळा अंगठा.
माझा नव्हे.
माझ्याहून लहान, आणि मधोमध आडवा
जुन्या विळ्याचा व्रण.

चार दिवस यार्डात लोकांची तोंडं बघितली नाहीत,
अंगठे बघत फिरलो.
व्यापारी, ड्रायव्हर, पोत्यांना दाभण घालणारे.
पाचव्या दिवशी हळकुंडं निवडणाऱ्या बायकांतनं
इंदुबाई ऐवळे उठून आली, पदर खोचत:
"मापाडी, त्यो दिवेवाला.
बोट येती का न्हाई शेवटी?
मुदत सपली, द्यावं लागलं.
बाई म्हनल्या, तुमच्याकडं गेलंय."

सगळं तोंडाशी आलं होतं.
बोट, वादळ, ती वही, वहीतली शेवटची ओळ.
चोवीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं.

गप्प बसलो.
डब्याच्या पिशवीतनं पुस्तक काढलं,
पान एकसष्ट उघडून तिच्या हातात दिलं.
तिनं आधी अंगठा लुगड्याला पुसला, दोनदा,
उपयोग नसताना.

मगदूम बाईंचं काय ते उद्या बघू.